बर्डीत एक रात्र मुक्काम करा

लग्नाचा बस्ता असो, डॉक्टरला दाखवणं असो की पोराची कॉलेजची ॲडमिशन, आपल्या खेड्यापाड्यातली माणसं नागपूरचं काम एका दिवसात उरकायला बघतात. पहाटेच्या गाडीनं निघायचं आणि तालुक्याहून गावात येणारी मुक्कामी एसटी सापडेल अशा बेतानं परतायचं. त्या गाडीच्या धाकापायी दुपारनंतरची सगळी खरेदी घाईत होते. साडी पूर्ण उलगडून पाहायची राहते. तपासणीचा रिपोर्ट उद्या मिळेल असं डॉक्टरांनी सांगितलं, की दोन दिवसांनी पुन्हा तोच प्रवास आणि तोच खर्च. त्यापेक्षा एक रात्र सीताबर्डीत, म्हणजे शहराच्या मध्यावरच्या बाजारपेठेत, जिला सगळे नुसतं बर्डी म्हणतात, तिथं काढावी, असं माझं ठाम मत आहे.

नातेवाइकांकडे उतरायला हरकत नाही, पण त्यांचं घर बहुतेक शहराच्या टोकाला असतं आणि जाण्यायेण्यातच अर्धा दिवस जातो. बर्डीत मुंजे चौकाजवळच्या स्थानकावर मेट्रोच्या दोन्ही लाइनी एकमेकींना मिळतात. ऑरेंज लाइन वर्धा रोडवरच्या खापरीहून ऑटोमोटिव्ह चौकाकडे जाते, ॲक्वा लाइन लोकमान्य नगरहून प्रजापती नगरकडे. एसटीनं गणेशपेठला उतरलात तर जवळचं स्थानक कॉटन मार्केट, तिथून बर्डी एकच थांबा. रेल्वेनं आलात तर दोन थांबे. मोर भवनहून शहर बस सुटतात, तेही इथंच, झाशी राणी चौकाजवळ. धंतोली आणि रामदासपेठेतले दवाखाने तर शेजारीच आहेत. मात्र मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, पेशंट भरती असेल तर बर्डीचा हट्ट धरू नका, मेडिकल चौकाजवळच खोली बघा. रात्री-अपरात्री डबा आणि औषधं पोचवायची असतात.

लॉजवर पैसे देण्याआधी खोली डोळ्यांनी पाहा. आणि पहिला प्रश्न हा विचारा: चेकआउट चोवीस तासांचं की दुपारी बाराचं? दुपारी चारला खोली घेतली आणि नियम बाराचा निघाला, तर पूर्ण भाडं देऊन वीस तासच मिळतात. चोवीस तासांचं असेल तर आल्याची वेळ पावतीवर लिहून घ्या. प्रत्येक मोठ्या माणसाचं मूळ आधार कार्ड जवळ हवं. एकाच्या कार्डावर चौघांची सोय होत नाही.

खोली रस्त्याकडची नको, मागची मागा. मेन रोडचा गलका रात्री उशिरापर्यंत चालतो. उन्हाळ्यात सगळ्यात वरचा मजला टाळा. एप्रिल-मे महिन्यांत दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो. कूलरची खोली असेल तर खिडकी उघडते का ते स्वतः उघडून बघा. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या ताटीतून आत ओढतो, त्या हवेला बाहेर जायला वाट लागते. सगळं बंद केलं की खोलीत दमटपणा साठतो, अंग चिकट होतं आणि गारवा लागतच नाही. टाकीत पाणी आहे का आणि पंप चालतो का, हे तेव्हाच तपासा, रात्री अकराला कोणी वर येत नाही. पावसाळ्यात कूलरचे जास्त पैसे देऊ नका. हवेतच ओल असल्यावर तो काही कामाचा नाही. हिवाळ्यात गरम पाणी किती वाजता येतं ते विचारा, बऱ्याच ठिकाणी ते सकाळचे काही तासच असतं.

बस्त्याचा क्रम असा ठेवा. पहिल्या दिवशी खोलीत सामान टाकून थेट गांधीबाग-इतवारी. ॲक्वा लाइननं अग्रसेन चौक किंवा चितार ओळी चौकाला उतरायचं. आहेराच्या साड्या, शर्ट-पँटपीस, भांडी हे सगळं तिकडं. सोनं इतवारीच्या सराफ ओळीत. साड्या गठ्ठ्यानं घेताना वरच्या दोन पाहून समाधान मानू नका. एकेक उलगडून काठ आणि पदर तपासा, ब्लाउजपीस आहे की नाही तेही पाहा. बदलून कधीपर्यंत देतील ते बिलावर लिहून घ्या. गाठोडं झालं की परत यायला मेट्रो नको, ऑटो करा. भाडं बसण्याआधी ठरवा. बर्डीची खरेदी, म्हणजे तयार कपडे, चपला, बॅगा, संध्याकाळी पायीच होते. फुटपाथवर घासाघीस चालते, मोठ्या दुकानात नाही. मोबाइल, चार्जर वगैरे बर्डीतल्याच ‘मोदी नंबर’ नावाच्या गल्ल्यांमध्ये मिळतं, तिथं पक्कं बिल मागाच. गर्दीत पैसे आतल्या खिशात, आणि दोघांत वाटून.

सकाळी तर्री पोहे खा, काळ्या चण्याची तर्री वरून हवी तेवढीच मागा. सावजी म्हणजे इथलं झणझणीत मसाल्याचं जेवण जरूर जेवा, पण दुसऱ्या दिवशी रिकाम्या पोटी रक्त द्यायचं असेल किंवा लांबचा प्रवास असेल तर आदल्या रात्री नको.

तारखा मात्र सांभाळा. डिसेंबरात विधानसभेचं हिवाळी अधिवेशन असलं की लॉज भरतात आणि भाव चढतात. दसऱ्याला दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी लाखो लोक येतात. तुम्ही त्याच कार्यक्रमाला जात असाल तर खोली महिनाभर आधी सांगून ठेवा, नुसत्या खरेदीला जाणाऱ्यानं तो आठवडा सोडावा. पोरांना किल्ला दाखवायचा असेल तर सीताबर्डीचा किल्ला सैन्याच्या ताब्यात आहे. तो 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्टला सर्वांसाठी उघडतात. नोव्हेंबर 1817 मध्ये अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेची इंग्रजांशी लढाई झाली ती इथंच. एरवी वेळ उरला तर महाराजबाग ही प्राणिसंग्रहालयाची बाग जवळ आहे.

परतीला गणेशपेठहून गाडी पकडताना तालुक्यातली मुक्कामी गाडी किती वाजता सुटते तिथून उलटं गणित करा आणि त्यात एक तास जास्तीचा धरा. एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे, 75 वर्षांवरच्यांना तिकीटच नाही. म्हाताऱ्या माणसाचं वय दाखवणारं ओळखपत्र गाठोड्यात खोल ठेवू नका, कंडक्टर मागेल तेव्हा हाताशी असू द्या.