गोळ्या गरम पडल्या नव्हत्या

एमडीटीची, म्हणजे कुष्ठरोगावरच्या एकत्रित औषधांची, पहिली काही पाकिटं मी मुकाट्यानं संपवली. महिन्यातून एकदा आरोग्य केंद्रात कुष्ठरोग तंत्रज्ञांसमोर मोठा डोस घ्यायचा, लघवी लाल झाली तरी घाबरायचं नाही, बाकीच्या गोळ्या घरी. माझा प्रकार एमबी, म्हणजे अंगात जंतू भरपूर असलेला, म्हणून १२ महिन्यांचा कोर्स. चंद्रपूर जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला हा आजार काही अगदी नवा नसतो, वरोऱ्याजवळ आनंदवन कित्येक दशकांपासून उभं आहे. जंतू मरतात, माणूस बरा होतो, एवढं मला ठाऊक होतं. मेलेले जंतूही छळू शकतात, हे मात्र ठाऊक नव्हतं.

मी मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. एका संध्याकाळी दुकानातच हुडहुडी भरली. रात्रीतून दंडांवर, मांड्यांवर, चेहऱ्यावर लालबुंद गाठी उठल्या. चादरीचा स्पर्शही सहन होईना. घोटे सुजले, सांधे धरले. दोन-तीन दिवसांत जुन्या गाठी काळपट होऊन बसायच्या आणि शेजारी नव्या उठायच्या. आईचं निदान तयार होतं : "गोया गरम पडल्या तुले. सोड त्या आधी."

गावातल्या खासगी डॉक्टरांनी रक्त तपासलं. पांढऱ्या पेशी १८,४००, त्यात न्यूट्रोफिल ८६ टक्के. रिपोर्टच्या उजव्या बाजूला ११,००० ही वरची मर्यादा छापलेली. "मोठं इन्फेक्शन आहे," म्हणत त्यांनी सलाइन आणि अँटिबायोटिकची इंजेक्शनं लावली, वर कुष्ठरोगाच्या गोळ्या थोडे दिवस थांबवा असंही सांगितलं. ताप तसाच. बरं, त्यांना तरी किती दोष द्यायचा? डिसेंबर २००५ मध्ये देशात दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण उरले आणि मग दूरीकरण झाल्याचं जाहीर झालं. तेव्हापासून हा आजार अनेकांच्या डोक्यातूनच गेला. आमच्याकडे तो अजून आहे.

मी तंत्रज्ञांना फोन लावला. ते दुकानात आले. गाठी बघितल्या न बघितल्या आणि माझं डावं कोपर चाचपू लागले. कोपराच्या आतल्या बाजूची नस, म्हणजे मज्जातंतू, त्यांनी बोटानं दाबली तेव्हा मी ओरडलोच. मग त्यांनी माझ्या करंगळी आणि अनामिकेच्या बेचक्यात एक कागद धरायला दिला आणि ओढला. कागद सरकन निघून आला. गेले काही दिवस बारीक स्क्रू बोटांतून निसटत होते, ते मी अशक्तपणावर ढकललं होतं.

"पाकीट बंद करायचं नाही," ते म्हणाले. "ही कुष्ठरोगाचीच रिअ‍ॅक्शन आहे, टाइप टू. आणि उद्या-परवा नाही, आजच मोठ्या दवाखान्यात चला. ताप उतरेल हो, पण नस एकदा गेली की गेली."

तिथल्या त्वचारोग विभागातल्या मॅडमनी आधी नायलॉनच्या कमी-जास्त जाडीच्या धाग्यांनी तळहात-तळपायांची संवेदना तपासली, एकेका बोटाची ताकद पाहिली, डोळ्यांत बॅटरी मारली. कानाच्या पाळीला बारीक चीर देऊन स्मिअर घेतला. मी फारच प्रश्न विचारतो म्हटल्यावर लॅबमधल्या भाऊंनी मला स्लाइड दाखवली. निळसर पटलावर लाल काड्यांचे पुंजके दिसत होते. नीट पाहिलं तर बऱ्याच काड्या अखंड नव्हत्याच, तुटक ठिपक्यांची रांग होती. "हे मेलेले," भाऊ म्हणाले. "पण मोजणीत येतात. तुमचा बीआय, म्हणजे जंतूंच्या संख्येचा अंक, ५ अधिक आहे. शरीर हा कचरा फार सावकाश उचलतं, वर्षाला जेमतेम एक अंक खाली येतो." हा आकडा ४ किंवा त्याहून जास्त असलेल्यांना टाइप टूचा धोका अधिक असतो, हे मॅडमनी नंतर सांगितलं. कोर्स वर्षात संपला तरी रिअ‍ॅक्शन पुढे कित्येक वर्षं का येऊ शकते, ते मला त्या आकड्यावरून कळलं.

मॅडमनी केस पेपरच्या मागे आकृती काढली. माझ्या प्रकारच्या कुष्ठरोगात शरीर या जंतूशी धड लढतच नाही. मॅक्रोफेज नावाच्या पेशी जंतू गिळतात, पण मारू शकत नाहीत. त्यांच्या पोटातच जंतू गठ्ठ्यानं वाढतात. ज्या टी-पेशींनी त्यांना चेव आणायचा, त्या या एका जंतूपुरत्या गप्प बसलेल्या असतात. अँटिबॉडी मात्र रग्गड तयार होतात आणि त्यांचा उपयोग शून्य. औषधानं जंतू फुटायला लागले की त्यांचे तुकडे मोकळे होतात, अँटिबॉडी त्यांना चिकटतात आणि हे गुंते बारीक रक्तवाहिन्यांत, कातडीखालच्या चरबीत, सांध्यांत, नसांत, डोळ्यांत अडकतात. तिकडे न्यूट्रोफिलची झुंबड उडते. टीएनएफसारखी दाह वाढवणारी रसायनं सुटतात. ताप, गाठी, सूज त्यातून येते. म्हणजे माझा १८,४०० चा रिपोर्ट खोटा नव्हता. पेशी खरंच युद्धावर निघालेल्या होत्या, फक्त समोर जिवंत शत्रू जवळपास नव्हता.

बऱ्याच वर्षांपर्यंत सगळा दोष या गुंत्यांनाच दिला जायचा, असं त्या म्हणाल्या. आता चित्र एवढं सोपं राहिलेलं नाही. गाठींमध्ये टी-पेशीही सापडतात, आणि ज्यांचं काम दाहाला लगाम घालायचं त्या नियामक टी-पेशी कमी पडतात असं दिसलंय. न्यूट्रोफिलसुद्धा नुसते हाकेला धावून येणारे गडी नाहीत. रिअ‍ॅक्शनमध्ये त्यांच्या अंगावर सीडी-६४ नावाची खूण वाढते आणि आजार जितका जोरात तितकी ती जास्त आढळते.

माझ्या धंद्यातलं सांगतो. फोन पाण्यात पडला म्हणून बोर्ड लगेच जात नाही, ओल्या फोनला चार्जिंग लावलं की जातो. जंतू माझ्या नसांत वर्षानुवर्षं होते, करंगळी तरी चालत होती. रिअ‍ॅक्शननं ती आठवड्याभरात लुळी करायला घेतली.

बाकावर शेजारी बसलेल्या गृहस्थांना ताप नव्हता की गाठी नव्हत्या. त्यांचे जुने चट्टेच फुगून लाल झाले होते आणि पाऊल उचललं जात नव्हतं. ती टाइप वन. तिथे अँटिबॉडीचे गुंते नसतात. गप्प असलेल्या टी-पेशी अचानक जाग्या होतात आणि नसेच्या धाग्यांभोवती असणाऱ्या, 'श्वान' नावाच्या पेशींत लपलेल्या जंतूवर तुटून पडतात, त्यात नस भरडली जाते. नाव रिअ‍ॅक्शनच, कारभार निराळा.

मला प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू झालं, सकाळी खाऊन ४० मिलिग्रॅम. त्याआधी साखर तपासली, जंताची गोळी दिली. कोपराला रात्री पट्टी, हाताला विश्रांती. एमडीटी चालूच. दुसऱ्याच दिवशी ताप गेला, गाठी बसल्या, मला वाटलं जिंकलो. स्टेरॉइडची हीच गंमत वाईट आहे. भूक मरणाची लागते, तोंड पुरीसारखं फुगतं, रात्री झोप येत नाही, तरीही ते इतकं बरं वाटायला लावतं की माणूस त्याच्या प्रेमात पडतो. बाकावरचे काही जण मेडिकलमधून परस्पर स्टेरॉइडच्या गोळ्यांच्या पट्ट्या आणून वर्षानुवर्षं खात होते. एकाचा मोतीबिंदू चाळिशीत पिकला होता.

डोस उतरवत १५ वर आलो आणि गाठी परत. पुन्हा वर चढवलं, पुन्हा उतरवलं, पुन्हा तेच. मग क्लोफाझिमिनचा डोस वाढवला, १०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा. हे औषध एमडीटीत असतंच, जास्त मात्रेत ते दाह दाबतं, पण गुण यायला चार-सहा आठवडे घेतं. शिवाय रंग बदलतो. मी तांबूस काळा पडलो, नडग्यांवर कातडी माशासारखी खवल्याखवल्यांची झाली. गिऱ्हाइकं विचारायची, "उन्हात काम धरलं का भाऊ?" मी हो म्हणायचो. लांबलचक खुलासा देण्यापेक्षा ते परवडायचं.

तरीही स्टेरॉइड पूर्ण सुटेना, तेव्हा मॅडमनी थॅलिडोमाइडचं नाव काढलं. १९५० च्या दशकाअखेर गरोदर बायकांना दिल्यामुळे हजारो मुलं हातापायांच्या व्यंगांसह जन्मली, तेच हे औषध. १९६४ मध्ये जेरुसलेमला डॉ. जेकब शेस्किन यांनी तळमळणाऱ्या कुष्ठरुग्णांना झोप लागावी म्हणून ते दिलं आणि गाठी विरघळताना पाहिल्या. ते टीएनएफ कमी करतं. मॅडमनी बायकोला सोबत बोलावलं. औषध पुरुषाच्या वीर्यातही उतरतं, म्हणून कंडोम सक्तीचा. गोळी घरात कुणाच्या हाती लागता कामा नये. दोघांनी सह्या केल्या. बायको फॉर्म दोनदा वाचून म्हणाली, "मॅडम, हे लिहिलंय ते मलाच पाठ करावं लागणार, यांना नाही." झोप भयंकर यायची, पोट साफ होईना, आणि हे औषध स्वतःही नसांना त्रास देऊ शकतं म्हणून दर फेरीला धाग्यांची तपासणी. पण गाठी थांबल्या आणि त्याच्या आधारानं प्रेडनिसोलोन शून्यावर आलं.

आई अजूनही म्हणते, गोयांनीच झालं. एका अर्थी चूक नाही. औषधानं जंतू मेले नसते तर त्यांचे एवढे तुकडे सुटले नसते. पण रिअ‍ॅक्शन उपचाराआधीही येते, नंतरही येते, आणि पाकीट सोडलं तर जिवंत जंतू उरतात ते वेगळंच.

सध्या बीआय २ अधिक. कागद आता बेचक्यात टिकतो, जोरानं ओढला तर निघतो. करंगळीच्या कडेला गरम कळत नाही, म्हणून हॉट एअर गन वापरताना त्या बोटावर कापडी टोपी चढवतो आणि हात रोज पाण्यात भिजवून तेल लावतो. डिस्प्ले बदलायचं काम मीच करतो, बोर्डावरचं बारीक सोल्डरिंग पुतण्याकडे दिलंय. पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे. मधे कधी ताप, गाठ किंवा कोपरात कळ आली तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी यायचं, असं केस पेपरवर लाल शाईनं लिहून दिलंय.