तेवीस नंबरमधल्या कोंबड्या

सकाळी सव्वाआठला वृद्धनिवासातल्या वर्गात पोचले तर पोरी खदाखदा हसत होत्या. तुकडीतली सगळ्यात लहान, किनवटची, रात्रपाळी उरकून तिथंच बसली होती आणि बाकीच्या तिला किस्सा परत परत सांगायला लावत होत्या.

रात्री तीनला तेवीस नंबरच्या खोलीतल्या आजी उठून बसल्या. म्हणाल्या, "अगं, कोंबड्या शिरल्यात आत, गहू खातायत." हिनं दिवा लावला, झाडू घेतला, हुश हुश करत कोंबड्या दाराबाहेर काढल्या आणि कडी घातली. आजी निवांत झोपल्या.

"शाब्बास," मी म्हणाले. म्हणणारच. आदल्याच आठवड्यात मी घसा फोडून शिकवलं होतं: स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाशी वाद घालू नका, 'कुठं आहेत कोंबड्या?' म्हणून त्यांना खोटं पाडू नका, त्यांच्या भीतीला उत्तर द्या. हिनं ते शब्दशः केलं होतं.

मी मूळची वॉर्डातली सिस्टर. आता तळेगावच्या बाजूच्या एका वृद्धनिवासात या मुलींना तयार करते. सरकारी कौशल्य अभ्यासक्रमात या कामाला भारदस्त इंग्रजी नाव आहे. आमच्याकडे वीस वर्षांच्या मुलीलाही मावशीच म्हणतात. उचलणं-बसवणं त्या पटकन शिकतात. अर्धांगवायू झालेल्याला कपडे घालताना आधी लुळा हात, काढताना आधी चांगला हात, हे दोन दिवसांत अंगवळणी पडतं. काखेत हात घालून ओढायची सवय मात्र जाता जात नाही.

त्या दिवशी पलंगावरून व्हीलचेअरवर घेण्याचं प्रात्यक्षिक होतं. त्यासाठी आम्ही नेहमी तेवीस नंबरलाच जायचो, कारण आजी मुलींच्या चुका काढायच्या. गणिताच्या निवृत्त बाई. "ब्रेक लावला का गं?" आधी त्याच विचारणार. पोरींना पावकी-दिडकीचे पाढे म्हणून दाखवायचा भारी शौक.

मुलीनं ब्रेक लावला नाही. मी मुद्दाम थांबले. आजी काहीच बोलल्या नाहीत.

"आजी, दिडकी म्हणा ना," मी म्हटलं.

"दीड, तीन, साडेचार..." आणि त्या खिडकीकडं बघत राहिल्या. मी हात दाबला तेव्हा माझ्याकडं वळल्या, परत दीडवर आल्या, परत खिडकीकडं.

माझ्या पोटात गोळा आला. मी फाईल काढली. खुब्याचं हाड मोडल्यावर चालण्यापुरता आधार हवा म्हणून आलेल्या. स्मृतिभ्रंश? एक अक्षर नाही! त्या मजल्यावर विस्मरणाचे दोघंतिघं आहेत, म्हणून कोंबड्या ऐकल्यावर आम्ही सगळ्यांनी आजींनाही त्यांच्यातच बसवून टाकलं. सगळ्यांनी म्हणजे मीसुद्धा, शाब्बासकी देताना.

मग नोंदवही. बुधवारी एकीच्या अक्षरात: 'जेवण अर्धे'. गुरुवारी दुसऱ्या अक्षरात: 'चालताना तोल जातो, मळमळ'. रात्री तिसऱ्या: 'कोंबड्या. झोपल्या'. तिघींनी इमानेइतबारे लिहिलं होतं, पण सलग कुणी वाचलं नव्हतं. औषधांच्या पानावर दहा दिवसांपूर्वी सुरू झालेली रक्तदाबाची गोळी, लघवी वाढवणारी. उतारवयात अशा गोळीनं रक्तातलं सोडियम घसरू शकतं, आणि घसरलं की माणूस बरळतो, सुस्तावतो, पडतो. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांनी वाढतो. दोनचार दिवसांत कुणी बदललं, तर ते म्हातारपण नसतं, आजारपण असतं.

डॉक्टरांना फोन, रक्त, अॅम्ब्युलन्स. सोडियम आलं १२१. असायला हवं १३५ ते १४५. ते भराभर चढवताही येत नाही. चोवीस तासांत आठ-दहापेक्षा जास्त चढलं तर मेंदूला इजा होण्याचा धोका. म्हणून मुक्काम लांबला.

दुपारी आजींच्या लेकीचा नाशिकहून फोन आला. "रात्री तीनला कळलं होतं ना? मग सकाळी दहापर्यंत तुम्ही काय करत होता?"

मी म्हणाले, "मुलीचं कौतुक करत होतो." खरं तेच होतं. ती बराच वेळ काही बोलली नाही.

किनवटची झोपायला गेलीच नव्हती. जिन्यात बसली होती, डोळे सुजलेले. "मॅडम, हाकलायच्या नव्हत्या का मग कोंबड्या?"

"हाकलायच्याच होत्या. ते बरोबर केलंस. पण दार लावल्यावर फोन करायला हवा होता."

"कुणाला?"

याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. रात्री तीनला एखाद्या शिकाऊ मुलीनं कुणाला उठवायचं, कुठल्या गोष्टीसाठी उठवलं तर ओरडा बसणार नाही, हे मी तीन महिन्यांच्या धड्यांत कुठंच घातलं नव्हतं. संध्याकाळी प्रत्येक मजल्याच्या टेबलावर माझा नंबर चिकटवला. पहिल्या आठवड्यात चार वेळा झोपमोड झाली, त्यातल्या तीन वेळा काहीच नव्हतं.

आजी सहाव्या दिवशी परत आल्या, जरा ओशाळलेल्या. मुलीला जवळ बोलावून हळूच विचारलं, "मी खरंच कोंबड्या म्हणाले का गं?"

"म्हणालात की. मी हाकलल्या."

"किती होत्या?"

"दोन."

"मला सात दिसल्या होत्या," आजी म्हणाल्या, आणि व्हीलचेअरचा ब्रेक स्वतःच लावला.