दांडीवरच्या दोन खोल्या

मालवणात दांडीच्या किनाऱ्यावर दोन खोल्यांचं घर चार दिवस भाड्याने मिळतंय, असं बायकोने सांगितलं तेव्हा मी एवढंच विचारलं, "पाण्यापासून किती लांब?" तिला वाटलं, मला पोहायची घाई झालीय.

आम्ही सांगलीचे, मारुती चौकामागचे. २०१९ ला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली (धोक्याची पातळी ४५), तेव्हा आमच्या तळमजल्यात फ्रिज आडवा होऊन तरंगत होता. तेव्हापासून कुठेही पाणी दिसलं की मी आधी पायऱ्या मोजतो.

राधानगरीवरून फोंडा घाट उतरून संध्याकाळी पाचला पोचलो. घर बघून मात्र गप्प झालो. चिऱ्याच्या भिंती, कौलं, पुढे पडवी, शेणाने सारवलेलं खळं. खळ्याच्या कडेला माड, समोर सिंधुदुर्ग. माडापासून पाणी चाळीस पावलं. मोजली.

घराच्या मालकीणबाई म्हणजे सत्तरीतल्या आजी. गाडीचा एमएच १० बघून त्यांनी पहिलं हळदीचं विचारलं. हळद आणलीच होती, भडंगही होतं. भडंगाने डोळ्यांत पाणी आलं, तरी वाटी रिकामी केली. संडास घराबाहेर आहे हे मात्र त्यांनी फोनवर सांगितलं नव्हतं. दिवसाला १,८०० रुपये घेता, तर सांगावं की!

रात्री कोजागिरी. खळ्यात चूल मांडून दूध आटवायला ठेवलं. शेजारच्या घरापुढे एक गाडी स्पीकर लावून उभी होती. तीही एमएच १०, त्यामुळे मला तोंड उघडता येईना. दहाच्या सुमाराला त्या धिंगाण्यातूनही लाटांचा आवाज जवळ आल्यासारखा वाटला. बॅटरी घेऊन गेलो, पाण्याच्या कडेला काठी रोवली. पाच मिनिटांत काठी पाण्यात. दुसरी रोवली, दोन हात मागे. तीही गेली. माडापासून आता बाराच पावलं उरली होती. पोरं दूध पीत होती आणि मी आत जाऊन बॅगा, चपला, चार्जर, गाडीची कागदपत्रं एकेक करून पलंगावर चढवत होतो. हात आपोआप चालले होते.

आजी दारात येऊन उभ्या राहिल्या. "रे झिला, घाबरतंस कित्याक? पाणी इला तसा जातला."

मग पडवीत बसून त्यांनी हिशोब सांगितला. तिथीची पाऊणपट करायची. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. तेवढ्याला भरती पुरी, मग ओहोटी. आज उधाण आहे म्हणून पाणी एवढं वर.

मी तिसऱ्या काठीशी जाऊन बसलो. अकरा पाच. फेस बुडाला लागायचा, परत जायचा. अकरा वीसला एक लाट काठीला वळसा घालून गेली. साडेअकरानंतर आलीच नाही. बाराला तिथे ओल्या वाळूत खेकड्याची बारीक नक्षी उमटत होती.

सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण मला चक्क राग आला. आमच्याकडे तेव्हा विसर्ग काय, फुगवटा काय, तासातासाला नवा आकडा यायचा. पण पाणी उतरणार कधी, हे छातीठोकपणे सांगणारं कुणी भेटलं नाही. आणि इथे आजी बोटांच्या पेरांवर मोजतात!

पुढचे तीन दिवस किल्ला, बांगडे, सोलकढी, झोप. आजींच्या विहिरीचं पाणी गोडं निघालं, समुद्राच्या एवढं जवळ असून. किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव बघितल्या. चहूकडे खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. महाराजांनी १६६४ साली बेट निवडलं ते काय उगाच?

डिसेंबरसाठी परवा पुन्हा फोन लावला. कॅलेंडर पुढ्यात घेऊन अष्टमीच्या आसपासचे तीन दिवस मागितले. भांगाचे, तेव्हा पाणी फार वर चढत नाही. पलीकडे आजी इतक्या हसल्या की भाड्याचं बोलायचं राहूनच गेलं.