चाचणी १५ मिनिटांची, संमतीपत्र मात्र संपता संपेना

जुनाट स्किझोफ्रेनिया असलेल्यांची स्मरणशक्ती, एकाग्रता झटपट तपासणाऱ्या चाचण्या कितपत भरवशाच्या, हा माझ्या प्रबंधाचा विषय. एकाच रुग्णाला मोका (MoCA) आणि साधारण १५ मिनिटांची स्किप (SCIP) या दोन झटपट चाचण्या द्यायच्या, मग अर्ध्या तासाहून जास्त चालणारी सविस्तर चाचणी, बॅक्स (BACS), घ्यायची आणि निकाल ताडून पाहायचे. १९७५ची एमएमएसई (MMSE) ही जुनी झटपट चाचणी आम्ही आधीच वगळली. या आजारात मार बसतो तो विचारांच्या वेगाला आणि नियोजनाला, आणि ती नेमकं तेच फारसं विचारत नाही.

गाइड, आराखडा, विभागाची सही, सगळं सुरळीत झालं. अडलं ते संशोधनाला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीत.

एका ओळीचा शेरा आला: 'हे रुग्ण संमती देण्यास सक्षम आहेत का?' प्रश्न रास्त होता, नाही म्हणत नाही. पण मी उत्तर दिलं की निदान म्हणजे अक्षमता नव्हे, तर पुढचा शेरा: 'प्रत्येकाच्या नातेवाइकाची सही घ्या.' अहो, यातले कित्येक एकटे राहतात, स्वतःच्या गोळ्या स्वतः घेतात, तारखेला स्वतः येतात! भावाशी वर्षानुवर्षं बोलणं नाही, त्याची सही कुठून आणू? बैठक पुढे ढकलली, मग कोरम नाही, मग फाइल 'सरांच्या टेबलावर'. चिडचिड नुसती.

सुटका केली यूबॅकने (UBACC). रुग्ण समजून-उमजून संमती देऊ शकतो का, हे तपासणारी, २००७ साली आलेली १० प्रश्नांची प्रश्नावली. अभ्यास समजावून सांगायचा, मग विचारायचं: हा कशासाठी आहे, मधेच सोडता येईल का, धोका काय. चुकलं तर पुन्हा समजावून पुन्हा विचारायचं. ती अर्जाला जोडली आणि कमिटी नरमली. तुम्ही पहिल्याच अर्जात जोडा, शेऱ्याची वाट बघत बसू नका.

प्रत्यक्ष चाचण्या त्यामानाने सोप्या. एक काका स्किपच्या शेवटच्या भागात ठिपके आणि रेघा काढत होते. हात थरथरत होता, पेन्सिल इतकी दाबलेली की कागद फाटला. गुण कमी पडले. पण त्यात डोकं किती मंद आणि औषधाने आलेला कंप किती? म्हणून कंपाची नोंद वेगळी ठेवा. कंपासाठी ट्रायहेक्सिफेनिडिल चालू असेल तर डोसही लिहा, त्याने स्मरणावर परिणाम होतो.

मोकाचा २६चा कटऑफ जसाच्या तसा उचलू नका, तो ज्येष्ठांमधल्या सौम्य बौद्धिक ऱ्हासासाठी ठरलेला आहे. शिक्षण १२ वर्षं किंवा कमी असेल तर एक गुण वाढवायचा, हे विसरू नका. चष्मा आणलाय का, हे आधी विचारा. पुन्हा तपासायचं असेल तर स्किपचा पर्यायी संच वापरा, नाहीतर शब्द पाठ झालेले असतात.

आणि हो, मोकाचं प्रशिक्षण-प्रमाणपत्र अर्जाआधीच काढून ठेवा. कमिटी तेही मागते, आणि तेव्हा धावपळ होते.