घोयऱ्यानं फुगवलेली म्हैस

जत तालुक्यातल्या एका वस्तीवरून फोन आला, "डाक्टर, घोयरा फुकला म्हशीवर. म्हस फुगलीया." परतीचा पाऊस झाला की पोटफुगीचे फोन येतातच, पण आरोपीला, म्हणजे घोयऱ्याला (शॅमेलिऑन सरड्याला), पकडून ठेवलेलं पहिल्यांदाच बघितलं. गोठ्याच्या दारात पालथी पाटी, वर दगड, शेजारी रॉकेलची बाटली.

आधी म्हैस. डावी कूस ढोलासारखी ताणलेली, धाप लागलेली. नळी घालून गॅस काढला, तेल पाजलं. गव्हाणीत ओला लसूणघास अजून पडलेला होता. वेगळं कारण शोधायची गरजच नव्हती.

मग पाटी उचलली. सरडा काळपट पडलेला. अंग फुगवून, जबडा वासून त्यानं माझ्यावरही फुस्स केलं, तशी घरची मंडळी मागं सरली. नुसती हवा ती! शॅमेलिऑनच्या जगात दोनशेवर जाती, निम्म्याच्या आसपास मादागास्करमध्ये. विषारी एकही नाही. भारतात सापडते ती ही एकच. हातावर घेतल्यावर पकड कळली. पुढच्या पंजाची तीन बोटं आतून, दोन बाहेरून. मागच्याची बरोबर उलट. एक डोळा माझ्यावर, दुसरा कुत्र्यावर.

"घासात ठेवला की हिरवा होतोय का?" कॉलेजात जाणाऱ्या नातवानं विचारलं. जागा बघून नाही रे, भीती, राग, ऊन यांवर रंग ठरतो. मादागास्करच्या एका जातीवर 2015 साली संशोधन झालं. त्वचेतल्या पेशींत ग्वानिनचे सूक्ष्म स्फटिक असतात, त्यांच्यातलं अंतर वाढलं-घटलं की परावर्तित होणारा रंग बदलतो.

बोलता बोलता पोटाला बोट लागलं. आत गोल गोल गाठी, नखांत ओली माती. अंडी घालायला बाभळीवरून उतरलेली मादी होती ती.

"आगं बया, पोटुशी हाय व्हय?" आजींनी आधी बाटली उचलली, मग लेकाला फैलावर घेतलं. 1972 च्या कायद्यानं हिला संरक्षण आहे, मारलं तर गुन्हा होतो, हे मी सांगितलं; पण आजींच्या तोंडापुढं कायद्याची गरज उरली नव्हती.

बांधाकडच्या भुसभुशीत मातीत तिला सोडलं. खड्डा करून अंडी घालायची, माती लोटायची आणि निघून जायचं, एवढंच तिचं आईपण. पिल्लं निघायला काही महिने लागतात, म्हणून तेवढा कोपरा कुळवू नका म्हटलं.

"इख नसंल," आजी म्हणाल्या, "पर नजर वंगाळच हाय तिची."

"असू दे. तुम्ही घास सुकवून घाला, सोबत कडबा द्या."