मयताच्या वाटेवरचे फलक

अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या टोपेकाला राहायला आलो त्याच्या पहिल्याच रविवारी भाजी आणायला निघालो होतो. गेज पार्कजवळ सिग्नलला गाडी थांबली. फुटपाथवर सात-आठ माणसं उभी, त्यात दोन शाळकरी पोरं. हातात भडक रंगांचे मोठमोठे फलक. मला वाटलं, शाळेसाठी पैसे जमवायला गाड्या धुऊन देत असतील. इथे मुलं तशी फलक घेऊन उभी असतात. मग अक्षरं वाचली. 'देव अमेरिकेचा द्वेष करतो.' 'मेलेल्या सैनिकांबद्दल देवाचे आभार.' समलिंगी माणसांसाठी त्यावर जो शब्द होता तो मी इथे लिहीत नाही. एका बाईने अमेरिकेचा झेंडा कमरेला असा खोचला होता की त्याचं टोक तिच्या बुटाखाली येत होतं. त्यातला एक पोरगा आमच्याकडे बघून हसत हात हलवत होता. मीही सवयीने हलवला, आणि मग दिवसभर स्वतःवरच चिडले.

ही वेस्टबरो बॅप्टिस्ट चर्चची मंडळी. नाव जगभर, पण माणसं अगदी थोडी, आणि त्यातली बरीच एकाच फेल्प्स घराण्यातली. १९९१ मध्ये त्यांनी अशा निदर्शनांना सुरुवात केली ती याच गेज पार्कपासून. संस्थापक फ्रेड फेल्प्स हा वकील. एके काळी कॅन्ससमधल्या कृष्णवर्णीयांचे भेदभावाचे खटले लढवणारा, आणि तेही ज्या टोपेकातल्या शाळांच्या खटल्यावरून १९५४ साली वर्णभेदी शाळा घटनाबाह्य ठरल्या, त्या गावात! १९७९ मध्ये त्याची सनद गेली. पुढे त्याने जे आरंभलं त्यामागचं तर्कशास्त्र असं: अमेरिका समलिंगींना सहन करते, म्हणून देव तिला शिक्षा देतो, आणि ती शिक्षा म्हणजे युद्धात मरणारे सैनिक. मग हे सांगायला सैनिकाच्या अंत्यविधीइतकी चांगली जागा कोणती?

आमच्या पालघरला आबा गेले तेव्हाची गोष्ट. बांधावरून ज्या चुलत्याशी वीस वर्षं कोर्टकचेरी चालली होती, तो चुलता सगळ्यांच्या आधी दारात हजर. काही न बोलता त्याने खांदा दिला. तिरडी बाजारातून निघाली तेव्हा चहावाल्याने स्टोव्ह बारीक केला, स्कूटरवाले पाय टेकून हात जोडून उभे राहिले. मरणाबरोबर वैर संपतं, असं रावण पडल्यावर रामाने म्हटलं होतं. आमच्या आळीत ते कुणाला शिकवावं लागलं नव्हतं. त्यामुळे मयताच्या वाटेवर कुणी फलक घेऊन उभं राहील, ही कल्पनाच माझ्या डोक्यात शिरत नव्हती.

मॅथ्यू स्नायडर नावाचा मरीन, म्हणजे अमेरिकी सैनिक, मार्च २००६ मध्ये इराकमध्ये मरण पावला. मेरीलँडच्या वेस्टमिन्स्टर गावात त्याचा अंत्यविधी. टोपेकाहून सात जण तिथे पोहोचले. आधी पोलिसांना कळवलं, पोलिसांनी दाखवली त्या सार्वजनिक जागेवर, चर्चपासून साधारण हजार फुटांवर उभे राहिले, आणि विधी सुरू होताना निघून गेले. आरडाओरड नाही, धक्काबुक्की नाही. बापाला, अल्बर्ट स्नायडरला, गाडीतून फक्त फलकांचे वरचे कोपरे दिसले. त्यावर काय लिहिलं होतं हे त्याला रात्री टीव्हीवर बातम्या बघताना कळलं. हा तपशील मी वाचला आणि पुस्तक बाजूला ठेवून उठले.

त्याने दावा लावला. ज्यूरीने जवळपास १ कोटी ९ लाख डॉलर भरपाई दिली, न्यायाधीशाने ती ५० लाखांवर आणली, आणि अपील कोर्टाने सगळीच उडवली. वर फेल्प्सच्या अपिलाचा सोळा हजारांवर डॉलरचा खर्च बापानेच द्यावा असा हुकूम! प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं तेव्हा ४८ राज्यं बापाच्या बाजूने उभी राहिली. वर्तमानपत्रं आणि वृत्तसंस्था मात्र फेल्प्सच्या बाजूने. त्यांना तो आवडत होता म्हणून नव्हे. आज याच्यावर दावा लागला तर उद्या आपल्यावर लागेल, हा हिशेब. तिथे फेल्प्सची बाजू त्याच्याच मुलीने मांडली.

२ मार्च २०११ ला निकाल लागला. आठ विरुद्ध एक, बाप हरला. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांचं म्हणणं असं की फलकांवरचा मजकूर कितीही हीन असला तरी तो सार्वजनिक प्रश्नांबद्दल होता, जागा सार्वजनिक होती, नियम पाळले होते. शब्दांनी भयंकर दुःख होतं हे खरं, पण म्हणून बोलणाऱ्याला शिक्षा करता येणार नाही. एकटे न्यायमूर्ती अलिटो वेगळे पडले. मोकळ्या चर्चेचं व्रत म्हणजे शोकात बुडालेल्या माणसावर असा शाब्दिक हल्ला करण्याचा परवाना नव्हे, असं त्यांनी लिहिलं.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी अलिटोंच्या बाजूची होते. अर्धी अजूनही आहे.

उरलेली अर्धी अडते ती पालघरला. नोव्हेंबर २०१२, दिवाळी नुकतीच झालेली. बाळासाहेब ठाकरे गेले, मुंबईत अंत्ययात्रा, सगळीकडे बंद. आमच्या गावातल्या एका मुलीने फेसबुकवर लिहिलं की लोक रोज मरतात, हा बंद आदरापोटी नाही, भीतीपोटी आहे. तिच्या मैत्रिणीने ते लाइक केलं. लिहिणाऱ्या मुलीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली, आणि दोघींना अटक. आधी धार्मिक भावना दुखावल्याचं २९५अ लावलं, मग ते बदलून दुसरं कलम, जोडीला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ, म्हणजे ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराला शिक्षा देणारं कलम. त्या आठवड्यात आमच्या घरात आवाज खाली गेला होता. बाबा मला म्हणाले, "तुझं ते फेसबुक काही दिवस बंदच ठेव." मी ठेवलं. पुढे याच अटकेवरून श्रेया सिंघल यांनी याचिका केली आणि २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने ६६अ रद्द केलं. मी मात्र त्या आठवड्यात गप्प बसले होते, हे काही रद्द होत नाही.

आपल्याकडे अंत्यविधीत जाणूनबुजून व्यत्यय आणणं हा गुन्हाच आहे. जुनं कलम २९७, आता न्याय संहितेत ३०१. टोपेकावाले आपल्याकडे तासभरही टिकले नसते. पोलिसांच्या आधी जमावच पोहोचला असता. पण ज्या राज्यात त्यांना हाकलणं इतकं सोपं, त्याच राज्यात ती मुलगीही इतक्या सहज उचलली जाते. हे दोन धागे वेगळे काढायचा मी बराच प्रयत्न केला. सुटत नाहीत.

इथे निदर्शनांवर अंतराचे आणि वेळेचे नियम आहेत. राष्ट्रीय दफनभूमीत २००६ चा कायदा, २०१२ मध्ये तो वाढवून विधीच्या आधी आणि नंतर दोन-दोन तास. मजकुरावर बंदी नाही, फक्त जरा लांब उभं राहा. बाकीचं लोकांनी आपल्या अंगावर घेतलं. आमच्या पलीकडच्या घरात एक निवृत्त सैनिक राहतात, मी मनातल्या मनात त्यांना बाइकवाले काका म्हणते. ते पेट्रियट गार्ड रायडर्समध्ये आहेत. हे मोटारसायकलवाले २००५ मध्ये इथे कॅन्ससमध्येच जमले. घरच्यांनी बोलावलं तरच जायचं, असा यांचा दंडक. मोठे झेंडे धरून, फलकांकडे पाठ करून भिंतीसारखं उभं राहायचं, म्हणजे आईबापांना पलीकडचं दिसत नाही. काकांच्या गॅरेजमध्ये झेंड्याची काठी दोन खुंट्यांवर आडवी ठेवलेली असते. मी विचारलं, त्यांना काही बोलावंसं वाटत नाही? म्हणाले, "बोललो की टीव्हीवर तेच दिसतात."

निकाल कसाही लागला असता तरी गॅरेजमधली ती काठी तिथेच राहिली असती, असं मला वाटतं. अर्थात अल्बर्ट स्नायडरला त्याचा काय उपयोग.

मार्च २०१४ मध्ये फ्रेड फेल्प्स गेला. चर्चने जाहीर अंत्यविधी ठेवलाच नाही. काही दिवसांतच कॅन्सस सिटीत एका गाण्याच्या कार्यक्रमाबाहेर हीच मंडळी फलक घेऊन उभी राहिली, तर रस्त्याच्या पलीकडे काहीजण एक कापडी फलक धरून होते: 'तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत.' हे सगळं मी फोनवर आईला सांगितलं. ती मेथी निवडत ऐकत होती. कोर्ट, कायदा, अंतर, यातलं काहीच तिने विचारलं नाही.

"आणि त्याला खांदा कुणी दिला गं?" एवढंच म्हणाली.