तोंड नसलेला कृमी

दहावीला प्राण्यांचं वर्गीकरण शिकवताना चपट्या कृमींची तीन नावं फळ्यावर लिहिते: प्लॅनेरिया, लिव्हरफ्लूक, पट्टकृमी. पोरं पाठ करतात, मार्क मिळतात. पण माझा लाडका चपटा कृमी पुस्तकात नाहीच. पॅराकॅटेन्युला! याला तोंडच नाही, आतडंही नाही. मग खातो काय?

तो राहतो उथळ समुद्राच्या वाळूत, इटलीच्या एल्बा बेटाजवळही सापडतो. वाळूत जरा खाली गेलं की ऑक्सिजन संपत येतो आणि सल्फाइड लागतं, अंडं नासल्यावर वास येतो तेच. त्याच्या शरीरातल्या खास पेशींमध्ये 'रिगेरिया' नावाचे जिवाणू ठासून भरलेले असतात. कृमीच्या शरीराचा जवळजवळ निम्मा ऐवज त्यांचाच! ते सल्फाइडमधून ऊर्जा काढतात, कार्बन डायऑक्साइडपासून अन्न बनवतात, वर साठवूनही ठेवतात. म्हणजे स्वयंपाकघर आणि कोठार दोन्ही तेच.

मला खरी गंमत वाटते ती पुढे. असे जिवाणू पाळणारे बरेच प्राणी शेवटी त्यांनाच पचवून टाकतात. हा तसं सहसा करत नाही. 2019 च्या संशोधनात दिसलं की जिवाणू आपल्या बाह्य आवरणाचे बारीक बुडबुडे सोडतात आणि कृमी ते पचवतो. कोंबडी न कापता अंडी खाणं, दुसरं काय!

ही जोडी सुमारे 50 कोटी वर्षं जुनी असावी असा अंदाज आहे. परवा वर्गात सांगितलं, तर मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, परीक्षेला आहे का?"